पाणी बाप्तिस्म्याचे, ग्रहण जातीचे

२६ नोव्हेंबर २०२४ रोजी भारतीय संविधान स्वीकारल्याला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. देशभर उद्देशिकेचे वाचन झाले, भाषणे झाली. त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका महिलेचे अपील फेटाळले. तिला सरकारी नोकरीसाठी अनुसूचित जातीचा दाखला हवा होता. वडील हिंदू वळ्ळुवन जातीचे, आई ख्रिस्ती. आपण हिंदूच आहोत असे तिचे म्हणणे होते. तिच्याविरुद्ध जो पुरावा ठरला त्यात एक कागद महत्त्वाचा होता: ती तान्ही असताना चर्चमध्ये तिचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद. मन ख्रिस्ती धर्मात आणि दाखला हिंदू जातीचा, केवळ आरक्षणासाठी, ही संविधानाची फसवणूक आहे, असे न्यायालयाने म्हटले.

या निकालावर आपल्या चळवळीत फारशी चर्चा झाली नाही. जी झाली तीत दोनच सूर ऐकू आले. एक म्हणाला, "बरे झाले, वाटेकरी वाढले नाहीत." दुसरा म्हणाला, "बाबासाहेबांनी बुद्धाचा मार्ग दाखवला असताना हे लोक ख्रिस्ती झालेच कशाला?" माझ्या मते दोन्ही सूर आंबेडकरी नाहीत. कपाळावर ओतलेल्या चार थेंब पाण्याने माणसाची जात खरोखर जाते काय? आणि ती जात नसेल, तर कायदा ती गेली असे का धरतो? ज्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायला सत्याग्रह केला, त्यांच्या वारसांनी या प्रश्नाकडे पाठ फिरवून चालणार नाही.

पाण्याचा मूळ अर्थ

आधी बाप्तिस्मा म्हणजे काय ते नीट समजून घेतले पाहिजे. कोणत्याही धर्माची टिंगल करणे हे आपले काम नव्हे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बुडवणे. यार्देन नदीच्या काठी योहान नावाचा एक माणूस लोकांना पश्चात्ताप करायला सांगत असे आणि पाण्यात बुडवून बाहेर काढत असे. येशूनेही त्याच्याच हातून बाप्तिस्मा घेतला. पुढे येशूच्या अनुयायांनी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने हा विधी आपल्या मंडळीत येण्याचा दरवाजा केला. पाणी पाप धुते हा त्याचा एक अर्थ. दुसरा अर्थ पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात सांगितला: पाण्याखाली जाणे म्हणजे जुन्या माणसाचे मरण आणि वर येणे म्हणजे नव्याचा जन्म.

पद्धती अनेक आहेत. कॅथलिक चर्चमध्ये सामान्यतः बाळाच्या डोक्यावर तीनदा पाणी ओततात. वसईकडे त्याला स्नानसंस्कार म्हणतात. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्या तान्ह्या मुलाला तीन वेळा पाण्यात बुडवतात. बॅप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांना बाळाचा बाप्तिस्मा मान्य नाही. ज्याला कळते, जो स्वतः कबुली देतो, त्यालाच ते नदीत, तलावात किंवा हौदात पूर्ण बुडवतात. ख्रिस्ती धर्माच्या अगदी आरंभीच्या काळातील 'दिदाखे' या ग्रंथात वाहते पाणी मिळाले तर उत्तम, नसेल तर साठवलेले, तेही पुरेसे नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावे, अशी सोपी सोय सांगितली आहे. पाणी किती हा सुरुवातीला वादाचा मुद्दाच नव्हता.

मुद्दा होता तो माणसाने काय सोडले याचा. 'प्रेषितीय परंपरा' या प्राचीन ग्रंथात बाप्तिस्म्यापूर्वी साधारण तीन वर्षांचे शिक्षण सांगितले आहे आणि कोणाला काय सोडावे लागेल याची यादी आहे. कुंटणखाना चालवणारा, मूर्ती घडवणारा, आखाड्यात माणसे मारून लोकांची करमणूक करणारा, या सर्वांनी धंदा सोडायचा, नाहीतर परत जायचे. चौथ्या शतकात यरुशलेममध्ये उमेदवार आधी पश्चिमेकडे तोंड करून सैतानाचा धिक्कार करी आणि मग पूर्वेकडे वळून श्रद्धा सांगे. म्हणजे आधी नकार, मग स्वीकार. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या वाचकाला हा क्रम ओळखीचा वाटेल.

आणि सामाजिक आशय? पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो स्पष्ट आहे. ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांच्यात यहुदी आणि ग्रीक, दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री असा भेद उरत नाही, असे तो सांगतो. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात इथिओपियाच्या राणीच्या दरबारातील एका षंढ अधिकाऱ्याची गोष्ट आहे. जुन्या नियमशास्त्राप्रमाणे अशा माणसाला देवाच्या मंडळीत प्रवेश नव्हता. रस्त्यात पाणी दिसताच तो फिलिप्पाला विचारतो की, पाणी तर इथे आहे, मग माझ्या बाप्तिस्म्याला अडचण काय? अधिकारी रथ थांबवायला सांगतो आणि दोघे पाण्यात उतरतात.

कॅथलिक चर्चचा कायदा तर आणखी पुढे जातो. प्रसंग निकडीचा असेल तर बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतो. फादर लागत नाही. देणारा स्वतः ख्रिस्ती असण्याचीही गरज नाही. योग्य हेतू, पाणी आणि ठरलेले शब्द एवढे असले की तो विधी पक्का, पुन्हा करता न येण्याजोगा. म्हणजे मरणाच्या दारातील ब्राह्मण ख्रिश्चनाच्या बाळाला भंगी समाजातील बाईने पाणी घातले तरी तो बाप्तिस्मा पूर्ण. ज्या देशात शिवलेले पाणी टाकून देतात त्या देशात हा नियम क्रांतिकारक ठरायला हवा होता. प्रत्यक्षात काय झाले?

पाणी चालले, थुंकी चालली नाही

१६०६ मध्ये रॉबर्ट डी नोबिली हा इटालियन जेझुइट मदुराईला आला. उच्चवर्णीयांना ख्रिस्ती करायचे तर आपण संन्यासी दिसले पाहिजे, असे त्याने ठरवले. भगवी वस्त्रे, शाकाहार, आणि खालच्या जातींपासून अंतर. त्याच्यामागून आलेल्या मिशनऱ्यांनी दोन प्रकारच्या धर्मगुरूंची व्यवस्थाच लावली. काही वरच्यांसाठी, काही खालच्यांसाठी.

शेवटी तक्रार रोमपर्यंत गेली. पोपचा प्रतिनिधी शार्ल द तुर्नों पुदुच्चेरीला आला आणि १७०४ मध्ये त्याने मनाईहुकूम काढला. त्यातील पहिल्याच कलमाचा विषय बाप्तिस्मा होता. त्या काळच्या रोमन विधीत पाण्याबरोबर मीठ, धर्मगुरूची फुंकर आणि थुंकी यांचाही वापर होता. येशूने थुंकी लावून बहिऱ्याला बरे केले, त्याची ती आठवण. भारतातले मिशनरी हे प्रकार गाळत होते, कारण दुसऱ्याची थुंकी आणि श्वास इथल्या सवर्णांना विटाळ वाटे. पाणी चालले. थुंकी चालली नाही. तुर्नोंने ते सगळे विधी पाळण्याचा हुकूम दिला. त्याच हुकुमात दुसरे एक कलम होते: आजारी परियाच्या घरी जाऊन त्याला अखेरचे संस्कार द्यावेत, तो बाहेर आणला जाईपर्यंत थांबू नये. असा हुकूम काढावा लागला यावरूनच तोपर्यंत काय चालले होते ते कळते.

याच शतकात पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात थुंकण्यासाठी मडके होते. बाबासाहेबांनी 'जातिसंहार' या भाषणात त्याची नोंद केली आहे. पुण्यात अस्पृश्याची थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून मडके आणि दक्षिणेत फिरंगी धर्मगुरूची थुंकी सवर्णाच्या कानाला लागू नये म्हणून विधीलाच कात्री. धर्म दोन होते. विटाळ एकच होता.

वाद चाळीस वर्षे चालला. १७४४ मध्ये पोप चौदाव्या बेनेडिक्टने त्यावर अंतिम निर्णय दिला. थुंकीच्या बाबतीत काही सवलत मिळाली. आणि परियांसाठी वेगळे मिशनरी ठेवण्याची योजना पोपने स्वीकारली. याला सुधारणा म्हणायचे की वेगळ्या पाणवठ्याला मिळालेली मंजुरी? पुदुच्चेरीतील फ्रेंचांचे दुभाषी आनंद रंग पिल्लै यांच्या रोजनिशीत १७४५ सालची नोंद आहे. चर्चमध्ये परियांना वेगळे बसवणारी भिंत पाडली गेली आणि जातिवंत ख्रिस्ती भांडायला उठले. ज्या गावात तुर्नोंचा हुकूम निघाला, ज्या गावात ही भिंत पडली, त्याच पुदुच्चेरीतील महिलेला २०२४ मध्ये सांगण्यात आले की, तू बाप्तिस्मा घेतलास, तुला आता जात नाही.

आपल्या बाजूला गोव्यात तरी वेगळे काय घडले? सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांनी गावेच्या गावे ख्रिस्ती केली. पण धर्मांतरानंतरही बामण, चारडो, सुदीर हे भेद उरले. लग्ने जातीत लागली आणि चर्चमधील मानपान जातीवर ठरले. महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात आणि नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या त्यागाबद्दल आदरच आहे. पण मराठी साहित्याला धर्मांतर आठवते ते या ब्राह्मण घरांचे. नगर जिल्ह्यातील ज्या महार-मांग कुटुंबांच्या बळावर मिशनच्या मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांच्या बाप्तिस्म्याची कहाणी मात्र चर्चच्या नोंदवहीत पडून राहिली. तमिळनाडूत तर स्मशानभूमीत आजही भिंती आहेत. मेलेल्या ख्रिश्चनालाही जात सोडत नाही. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने २०१६ च्या धोरणपत्रात चर्चमध्ये अस्पृश्यता आहे हे स्वतःच मान्य केले. २०२२ मध्ये हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला कार्डिनल झाले. कार्डिनलपदी पोहोचलेले ते पहिले दलित. नोबिली मदुराईला येऊन तोवर चारशे सोळा वर्षे झाली होती.

मालकाच्या सोयीचा कायदा

आता कायद्याकडे येऊ. प्रथम थोडे दूर, अमेरिकेत. सतराव्या शतकात व्हर्जिनियात गुलामांच्या मालकांना एक भीती वाटत होती. इंग्लिश परंपरेत ख्रिश्चनाने ख्रिश्चनाला गुलाम ठेवू नये असा समज होता. मग गुलामाने बाप्तिस्मा घेतला तर तो मोकळा होणार काय? काही गुलामांनी त्याच आधारावर स्वातंत्र्य मागायला सुरुवातही केली होती. १६६७ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने कायदा करून शंका मिटवली: बाप्तिस्म्याने माणसाच्या गुलामीच्या स्थितीत काहीही बदल होत नाही. कारणही लिहून ठेवले की, आता मालकांनी निर्धास्तपणे गुलामांना ख्रिस्ती करावे! आत्मा मुक्त झाला, पायातली बेडी कायम राहिली.

तिथे कायदा म्हणाला: पाण्याने काही बदलत नाही, म्हणून तू गुलामच राहशील. इथे कायदा म्हणतो: पाण्याने सगळे बदलते, म्हणून तुला संरक्षण मिळणार नाही. दोन्ही विधाने एकमेकांच्या अगदी उलट आहेत. पण फायदा दोन्हीकडे वरच्याचाच. व्हर्जिनियात मालकाचा गुलाम वाचला, इथे राज्यकर्त्याची जबाबदारी वाचली.

संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५० च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रथम फक्त हिंदूंनाच स्थान होते. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. आदिवासींना मात्र ही धर्माची अट नाही. ख्रिस्ती झालेला आदिवासी अनुसूचित जमातीतच राहतो.

या परिच्छेदाविरुद्ध मद्रासचा एक चर्मकार सर्वोच्च न्यायालयात गेला. 'सूसाई विरुद्ध भारत सरकार' हा १९८५ चा खटला प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत हवा. सूसाई जन्माने आदिद्रविड, धर्माने ख्रिस्ती, धंद्याने रस्त्याच्या कडेला चपला शिवणारा. सरकारने रस्त्यावरच्या चर्मकारांना फुकट टपऱ्या देण्याची योजना काढली. शेजारी बसणाऱ्या हिंदू चर्मकारांना टपरी मिळाली, सूसाईला नाही. तेच कातडे, तीच आरी, तेच ऊन. फरक फक्त बाप्तिस्म्याच्या पाण्याचा. न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. जात धर्मांतरानंतरही टिकू शकते हे मान्य केले, पण नव्या धर्मातही तो छळ तितक्याच तीव्रतेने चालू आहे हे दाखवणारा पुरेसा अभ्यास आमच्यासमोर नाही, असे सांगितले. फूटपाथवर बसणाऱ्या माणसाने असा अभ्यास कुठून आणायचा?

हा झाला बाहेर जाण्याचा नियम. आत परत येण्याचा नियम बघा. कर्नाटकातील कोलार गोल्ड फिल्ड्स या राखीव मतदारसंघातून एस. राजगोपाल निवडून आले. ते १९४९ मध्ये ख्रिस्ती झाले होते आणि पुढे हिंदू धर्मात परतले होते. पहिल्या खटल्यात त्यांची निवड रद्द झाली. ते पुन्हा निवडून आले, पुन्हा खटला झाला. 'सी. एम. अरुमुगम विरुद्ध एस. राजगोपाल' या दुसऱ्या खटल्यात न्यायालय त्यांच्या बाजूने उभे राहिले: परतणाऱ्याला त्याच्या जातीने स्वीकारले की तो पुन्हा त्याच जातीचा. १९८४ च्या 'कैलाश सोनकर विरुद्ध माया देवी' या खटल्यात तर न्यायालयाने उपमाच दिली. धर्मांतराने जात नष्ट होत नाही, तिला ग्रहण लागते. मूळ धर्मात परतताच ग्रहण सुटते आणि जात आपोआप पुन्हा उगवते.

ग्रहण! मराठी माणसाला हा शब्द वाचून काय आठवते? 'दे दान, सुटे गिरान' अशी आरोळी देत गावात फिरणारे आपले वाडवडील. सूर्य-चंद्राला सोडवण्यासाठी आपल्या माणसांनी हात पसरायचा आणि गावाने वरून जुने टाकायचे. ते ग्रहण आपण १९५६ मध्ये नाकारले. पण कायद्याच्या पुस्तकात आपली जातच सूर्य होऊन बसली. तो कधी मावळतच नाही, फक्त झाकला जातो. जर जात नुसती झाकलीच जाते, संपत नाही, तर झाकलेल्या काळात तिचे चटके बसत नाहीत हे न्यायालयाने कशावरून धरले? जात परत घ्यायला आलात तर ती जिवंत, आणि जातीमुळे बसलेला मार दाखवायला आलात तर ती मेलेली! एकाच गोष्टीला दोन मापे लावण्याचा हा प्रकार आहे.

याचा परिणाम गावोगाव दिसतो. रविवारी चर्चमध्ये जाणारे कुटुंब कागदावर हिंदू राहते. मुलांची नावे शाळेत एक आणि मंडळीत एक. बाप्तिस्मा लांबवला जातो किंवा नोंदवहीत लिहू नका अशी पाळकाला विनंती केली जाते. ज्या विधीचा सगळा जोर जाहीर कबुलीवर, तोच विधी चोरून करावा लागतो. श्रद्धा लपवायला लावणारा कायदा आणि मग लपवले म्हणून फसवणूक ठरवणारा निकाल, हे दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला येतात.

बाबासाहेबांनी बाप्तिस्म्याकडून काय घेतले

बुद्धाची भूमिका आपल्याला माहीत आहे. अनाथपिंडिकाच्या घरची पाणी भरणारी दासी पुण्णा हिची गोष्ट थेरीगाथेत आहे. थंडीने कुडकुडत नदीत पाप धुणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते की, आंघोळीने पाप जात असेल तर पाण्यात राहणारे बेडूक आणि कासवे सगळीच स्वर्गाला जातील की! आणि नदी पाप वाहून नेत असेल तर पुण्यही नेईल. जिच्या डोक्यावर रोज दुसऱ्याच्या पाण्याचा घडा होता, तिनेच पाण्याचे पावित्र्य उघडे पाडले.

तरीही बाबासाहेबांनी बाप्तिस्मा ही गोष्ट झटकून टाकली नाही. ख्रिस्ती धर्मांतरितांच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत सविस्तर लिहिले. मिशनऱ्यांच्या शाळा-दवाखान्यांचे मोल मान्य केले. पण धर्मांतरानंतरही जात टिकली आणि भारतीय ख्रिस्ती समाज अन्यायाविरुद्ध संघटितपणे लढला नाही, ही टीका परखडपणे केली. दुसरीकडे, ब्रह्मदेशातील बुद्ध शासन परिषदेसाठी लिहिलेल्या टिपणात त्यांनी म्हटले की, ख्रिस्ती बाप्तिस्म्यासारखा दीक्षाविधी गृहस्थ बौद्धांसाठीही असायला हवा. नुसते पंचशील म्हणणे पुरेसे नाही. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथातही संघदीक्षा होती पण उपासकांसाठी वेगळी धम्मदीक्षा नव्हती, ही मोठी उणीव त्यांनी दाखवली आणि धम्माच्या ऱ्हासाचे ते एक कारण मानले.

म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जे घडले ते बाप्तिस्म्याशेजारी ठेवून पाहावे. भदंत चंद्रमणी महास्थविरांनी बाबासाहेब आणि माईसाहेबांना त्रिशरण-पंचशील दिले. त्यानंतर लाखो लोकांना दीक्षा दिली ती स्वतः बाबासाहेबांनी, म्हणजे एका गृहस्थाने. आधी जुन्या देवांचा नकार, मग धम्माचा स्वीकार, आणि अखेरच्या प्रतिज्ञांमध्ये आज आपला नवा जन्म झाला ही कबुली. नकार, स्वीकार, पुनर्जन्म: विधीची हाडे तीच. बाबासाहेबांनी फक्त पाणी काढून घेतले आणि त्या जागी वागणुकीची बांधिलकी ठेवली. पाणी वाळून जाते. प्रतिज्ञा रोज पाळावी लागते.

त्याची किंमतही आपण मोजली आहे. नागपुरातील राखीव मतदारसंघातून १९६२ मध्ये निवडून आलेले डी. पी. मेश्राम यांची निवड सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये रद्द केली, कारण त्यांनी बौद्ध धम्म जाहीरपणे स्वीकारला होता. म्हणजे आजच्या दलित ख्रिश्चनाची जी जागा आहे ती १९५६ ते १९९० अशी चौतीस वर्षे आपली होती. महाराष्ट्राने १९६० नंतर राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राचे दार बंदच होते. तेव्हा आपण म्हणत होतो की, धर्म बदलला तरी गावाने आमच्याकडे बघण्याची नजर बदललेली नाही. हे वाक्य आपल्या तोंडी खरे होते, तर सूसाईच्या तोंडी ते खोटे कसे ठरेल?

मग आपण काय करायचे?

वाटेकरी वाढतील ही भीती मी उडवून लावत नाही. भाकरी लहान असताना ताटे वाढवली तर पोटे रिकामी राहतात. म्हणून मागणी टप्प्याने आणि नेमकी करावी.

पहिली मागणी अत्याचार प्रतिबंधक कायद्याची. २०२५ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने एका पाळकाच्या प्रकरणात सांगितले की, ख्रिस्ती झालेल्या माणसाला १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याचा आधार घेता येणार नाही. मारणारा जात बघून शिवी देतो, बाप्तिस्म्याचा दाखला बघून नव्हे. या संरक्षणात टक्केवारी नाही, कोणाच्या वाट्यातून काही जात नाही. ते दलित ख्रिश्चनांना आणि दलित मुसलमानांना मिळावे यासाठी आपण आज उभे राहिलो तर आपले काहीही कमी होत नाही.

दुसरी मागणी वाट्यासह समावेशाची. न्या. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ च्या अहवालात अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून वेगळा करा अशी शिफारस केली. २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन आयोग नेमला गेला आणि त्यालाही मुदतवाढ मिळत गेली. नवे समूह येतील तेव्हा त्यांच्या लोकसंख्येएवढा कोटाही वाढला पाहिजे, हे आपण ठणकावून सांगावे. पन्नास टक्क्यांची भिंत आडवी येते असे आता कोणी सांगू नये. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने सवर्ण गरिबांसाठी दहा टक्के देताना ती ओलांडली गेली आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. त्यांच्यासाठी दार आहे आणि चर्मकार ख्रिश्चनासाठी भिंत आहे, हे कसे चालेल?

चर्चच्या नेतृत्वालाही सांगायला हवे. न्यायालयात दलित ख्रिश्चनांच्या छळाचे दाखले द्यायचे आणि आपल्या स्मशानातील भिंती तशाच ठेवायच्या, हे जमणार नाही. कोणाच्याही हातचा बाप्तिस्मा चालतो असा तुमचा कायदा आहे. मग त्या हाताशी लग्नसंबंध का चालत नाही?

आणि हाच प्रश्न आपल्यालाही लागू आहे. दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा म्हणायच्या आणि मुलीच्या लग्नात पोटजात विचारायची. बौद्ध म्हणवायचे आणि मातंग, चर्मकार बांधवाशी सोयरीक टाळायची, तर आपली दीक्षाही वाळलेल्या पाण्यासारखीच होईल. मग उद्या न्यायालय आपल्यालाही सांगेल की, तुमची जात गेली नाही, तिला फक्त ग्रहण लागले होते. तेव्हा उत्तर काय देणार?

महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले ते पाप धुण्यासाठी नव्हे. जे पाणी सर्वांचे आहे ते आपलेही आहे, एवढे सांगण्यासाठी. सूसाईने मागितलेली टपरी त्या ओंजळीपेक्षा मोठी नव्हती. ती मागणी करणारा कोणत्या देवाला हात जोडतो हे विचारण्याचा अधिकार राज्याला नाही, आणि आपल्याला तर मुळीच नाही.

जय भीम!